काउंटरवर येण्याआधी: छोट्या पोल्ट्रीवाल्यांसाठी अँटिबायोटिकचा हिशेब

"भाऊ, पिल्लं मरून राह्यले. काही तरी हार्ड द्या."

नागपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. डी.फार्म. झाल्यावर दुकान टाकलं, तेव्हापासून हे वाक्य मी ऐकतो आहे. समोरचा माणूस घामाघूम असतो, मोटरसायकल बाहेर चालूच असते आणि मोबाइलवर मेलेल्या पिल्लांचा फोटो असतो. मी विचारतो, किती दिवसांची बॅच? किती पक्षी? किती मेले? तो सांगतो, आणि माझा हात मागच्या फळीकडे जातो. पक्षी कशानं मेला, हे आमच्या दोघांपैकी कोणीच विचारत नाही. मी तरी कित्येक वर्षं विचारलं नव्हतं.

यात दुकानदाराला चोर ठरवून काही हाती लागणार नाही. डॉक्टर तालुक्याला, तेही चार गावांच्या फेरीत अडकलेले. दुकान मात्र बाजार चौकात, रात्री नऊपर्यंत उघडं. मग तपासणीही काउंटरवर आणि इलाजही काउंटरवर. तुमचं शेड पाचशे ते तीन हजार पक्ष्यांचं असेल, ब्रॉयलर असो की गावरान, तर दुकानात येण्याआधी घरी काय करायचं आणि दुकानात आल्यावर मला काय विचारायचं ते इथं लिहितो. कंपनीच्या करारावर पक्षी पाळणाऱ्यांचं औषध सुपरवायझर आणतो, पण डबा उलटून बघायला त्यांनाही कोणी अडवलेलं नाही.

बॅच उतरायच्या आधी

पहिलं काम म्हणजे डॉक्टरचा नंबर. अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहायचा अधिकार फक्त नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाला आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात हे स्पष्ट आहे. मला तो अधिकार नाही, औषध कंपनीच्या एमआरला नाही, खाद्य पुरवणाऱ्याला तर नाहीच. तुमच्या पंचायत समितीचे पशुधन विकास अधिकारी कोण, त्यांचा नंबर काय, हे पिल्लं यायच्या आधी माहीत करून घ्या. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर शेडच्या दारावर खडूनं लिहून ठेवा. आपल्याकडे एक मोठी सोय आहे, जिचा आपण फारसा उपयोग करत नाही. सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, आणि माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, याचं मुख्यालयही नागपुरातच आहे. असं कॉलेज जवळ नसलेल्या पोल्ट्रीवाल्याला ज्यासाठी लांबचा प्रवास करावा लागेल, ते उमरेड, कळमेश्वर किंवा मौद्याहून तुम्ही सकाळच्या एसटीनं गाठू शकता.

दुसरं, दुकान निवडा. भिंतीवर औषध विक्रीचं लायसन्स फ्रेममध्ये लावलेलं असतं. ते वाचा, मुदत बघा. जो पक्कं बिल देतो आणि बिलावर बॅच नंबर, एक्सपायरी लिहितो, त्याच्याकडून घ्या. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली, उन्हात तापलेल्या फळीवर ठेवलेलं औषध मी फुकट दिलं तरी घेऊ नका. लस तर बर्फाच्या थर्मासमध्येच हातात पडली पाहिजे. दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

लसीचं मी इथं लांबवत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं आणि तरी निम्मे लोक चुकवतात. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेतची. बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरोची. पुढे लासोटाचा, म्हणजे राणीखेतच्याच लसीचा, बूस्टर. तारखा तुमच्या डॉक्टरकडून पक्क्या करा. पाण्यातून देत असाल तर आदल्या दिवसापासून ब्लीचिंग बंद. मानमोडी आणि गंबोरो हे दोन्ही विषाणूंचे आजार आहेत आणि जगातलं कोणतंही अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही. पंचवीस रुपये लसीचे वाचवून अडीच हजारांचं औषध नेणारे गिऱ्हाईक मी पाहिलेत. माझा गल्ला भरतो, पण बघवत नाही.

आता पहिल्या तीन दिवसांचा कोर्स. पिल्लं उतरली की पाण्यात अँटिबायोटिक टाकायची आपल्याकडे रीतच पडली आहे, घरभरणीला नारळ फोडावा तशी. निरोगी पिल्लाला याची गरज नसते. त्याला हवी असते ऊब. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या बल्बखाली, ३२ ते ३४ अंश, मग दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून बघा. गार लागले तर पिल्लू गारठलंय, आणि गारठलेलं पिल्लू खात नाही. उतरवल्यावर आठ तासांनी वीस-तीस पिल्लांची गळ्याखालची खाद्याची थैली बोटांनी चाचपा. दहांपैकी आठांची भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळ्यांची. थैली रिकामी असेल तर औषध नको, बल्ब खाली घ्या, पाणी कोमट करा, कागदावर खाद्य पसरा. बेंबी ओली किंवा काळी असलेली पिल्लं जास्त निघाली तर ती हॅचरीची तक्रार आहे. फोटो काढा, त्याच दिवशी कळवा आणि डॉक्टरला दाखवा.

मर्तुक वाढली: पहिला तास शेडमध्येच

हजारात दिवसाला एखादा पक्षी जाणं चालायचंच. आकडा एकदम दुप्पट-तिप्पट झाला, किंवा मेले फारसे नाहीत पण खाद्य उरायला लागलं, की गाडीची चावी शोधू नका. आधी शेडमध्ये जा.

उन्हाळा असेल तर पहिला प्रश्न, मेलेले कोणत्या वेळी सापडले? दुपारी दोन ते सहाच्या मध्ये, आणि त्यातले बहुतेक चांगले वजनदार, उताणे पडलेले, गळ्याखालची थैली खाद्यानं भरलेली? बाकीचे चोच उघडी टाकून, पंख सैल सोडून धापा टाकताहेत? मग तो उष्माघात आहे. आजार घड्याळ बघून मारत नाही, ऊन मारतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, माझ्याकडे अँटिबायोटिक मागायला येणाऱ्या बऱ्याच लोकांना खरं तर ओल्या पोत्यांचे पडदे हवे असतात. सकाळी अकरापासून पाचपर्यंत खाद्य उचलून घ्या, पत्र्यावर पाणी मारा, छताला चुना लावा, टाकी सावलीत घ्या, पाण्याची पाइप उन्हात तापत असेल तर दुपारी एकदा रिकामी करून गार पाणी सोडा. खाद्य पहाटे आणि रात्री द्या.

हिवाळ्यात याच्या उलट घोटाळा होतो. थंडी वाजते म्हणून पडदे चारही बाजूंनी कडेकोट बंद, आणि मग सकाळी पक्षी शिंकतात, घरघरतात. "सीआरडी झाला भाऊ, टायलोसिन द्या." सीआरडी म्हणजे श्वासाचा जुनाट आजार, टायलोसिन हे अँटिबायोटिक. शेडमध्ये जाऊन उकिडवे बसा, पक्ष्याच्या उंचीला नाक न्या आणि दोन मिनिटं तिथंच थांबा. डोळे चुरचुरले, पाणी आलं तर तुम्ही अमोनियात बसला आहात, आणि पक्षी चोवीस तास त्यातच बसलेला आहे. उभ्यानं तो वास कळत नाही. खालचा भुसा मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. गोळा मोडून भुसा मोकळा झाला तर ठीक. भुसा उलटा-पालटा करा, ड्रिंकरची गळती थांबवा, वरून हात-दीड हात पडदा उघडा ठेवा. दोन दिवसांत शिंका कमी झाल्या तर तुमचे हजारभर रुपये वाचले.

तिसरं म्हणजे पाणी. विहिरीचं की बोअरचं, टाकी शेवटची कधी घासली, झाकण आहे का? हजार लिटरच्या काळ्या टाकीला साधारण दहा ग्रॅम चांगलं ब्लीचिंग पावडर पुरतं. बादलीत विरघळवून, गाळ बसू देऊन वरचं पाणी टाकीत घालायचं आणि अर्धा तास थांबून मग सोडायचं. सहा महिन्यांपासून उघड्या पोत्यात पडलेली ब्लीचिंग पावडर ही नुसती चुनखडी होऊन बसते, हेही लक्षात असू द्या. खाद्याचं पोतं हुंगा. बुरशीचा कुबट वास आला तर ते पोतं बाजूला.

मात्र एका परिस्थितीत यातलं काहीच करत बसू नका. पक्षी पटापट, शेकड्यांनी पडायला लागले, तुरे आणि गलोली (चोचीखालची लोंबती कातडी) निळ्या-काळ्या झाल्या, डोकं सुजलं, तर शेड बंद करा, कोणाला आत येऊ देऊ नका, मेलेला पक्षी घरी चिरू नका, पिशवीत घालून माझ्या दुकानातही आणू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानं हे कळवणं मालकावर बंधनकारक आहे. मार्च २०२४ मध्ये नागपुरातल्या शासकीय कुक्कुट केंद्रातच बर्ड फ्लू निघाला होता आणि हजारो पक्षी नष्ट करावे लागले होते. तेव्हा हे काही दूरदेशीचं दुखणं नाही.

चिरून बघितल्याशिवाय कळत नाही

ऊन, हवा, पाणी, खाद्य सगळं ठीक आणि तरी मर्तुक चालूच, तर पीएम करून घ्या. पीएम म्हणजे शवविच्छेदन. नुकतेच मेलेले दोन-तीन पक्षी आणि आजारी दिसणारे दोन-तीन जिवंत पक्षी, एवढं लागतं. काल रात्री मेलेला, फुगलेला पक्षी नेऊन उपयोग नाही, त्यात सगळंच सडलेलं दिसतं. मेलेले प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून न्या. फ्रीजरमध्ये गोठवू नका.

यातली सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे हे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी करा. औषध पोटात गेल्यावर जंतू वाढवून बघायची चाचणी फसते. माझ्याकडून बाटली नेऊन, तीन दिवस पाजून, उतार पडला नाही म्हणून चौथ्या दिवशी कॉलेजात पक्षी नेणारे लोक तिथल्या डॉक्टरांची बोलणी खाऊन येतात आणि मला ऐकवतात.

सोबत एका कागदावर लिहून न्या: बॅच कधीची, किती पक्षी, रोज किती मेले, लसी कोणत्या तारखेला, खाद्य कोणतं, आतापर्यंत काय काय पाजलं. शेवटचं खरं लिहा.

आतडं उघडलं आणि रक्त दिसलं तर बहुधा रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. त्याला अ‍ॅम्प्रोलियमसारखं वेगळंच औषध लागतं, आणि तो भुशाच्या ओलीचा आजार आहे. हृदयावर, काळजावर दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ई. कोलाय. तिथं अँटिबायोटिकचा विषय येतो. पण ई. कोलाय पुष्कळदा मागून घुसलेला असतो. पुढे मानमोडी, गंबोरो किंवा अमोनिया गेलेला असतो, हा त्याच्या मागच्या डब्यात बसून येतो.

मग सेन्सिटिव्हिटी टेस्ट. काचेच्या बशीत जंतू वाढवतात आणि वर वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या गोल चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती स्वच्छ कडं पडतं, ते औषध त्या जंतूवर चालतं. जिच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढलेला असतो, ते चालत नाही. दोन-तीन दिवस लागतात. एका गिऱ्हाइकाचा असा रिपोर्ट मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपणाऱ्या तीन औषधांसमोर 'आर' लिहिलेलं होतं. आर म्हणजे रेझिस्टंट. जंतूला काही फरक पडत नाही. त्या तीन बाटल्या मी वर्षानुवर्षं "हार्ड" म्हणून विकत होतो. दोन-तीन दिवस कसे काढायचे, तर डॉक्टर पीएम बघून अंदाजानं एक औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर बदलतात किंवा थांबवतात. तो अंदाज माझ्या अंदाजापेक्षा फार वेगळा असतो, कारण त्यांनी पक्षी उघडून पाहिलेला असतो.

चिठ्ठी आणि डबा

आता दुकानात या. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, मात्रा, किती दिवस, आणि विक्रीआधी किती दिवस थांबायचं हे चार मुद्दे असले पाहिजेत. चौथा राहिला असेल तर डॉक्टरला फोन लावून तिथंच लिहून घ्या. एन्रोफ्लॉक्सासिन, टायलोसिन, डॉक्सिसायक्लिन, निओमायसिन ही मूळ नावं. त्यावर कोंबड्याचं चित्र आणि चकचकीत नाव छापलेले डबे कैक निघतात. तीन वेगवेगळ्या नावांच्या बाटल्या नेऊन तिन्हींत एकच औषध निघाल्याचं मी बघितलंय.

डबा हातात घेतला की फिरवून मागची बाजू वाचा, समोर कोंबडा बघू नका. जनावराचं डोकं छापलेलं आणि "नॉट फॉर ह्यूमन यूज, फॉर अ‍ॅनिमल ट्रीटमेंट ओन्ली" असं लिहिलेलं हवं. लायसन्स नंबर, बॅच, तारीख. घटक किती टक्के. आणि विथड्रॉवल पिरियड, म्हणजे शेवटचा डोस आणि विक्री यांच्यामध्ये सोडायचे दिवस. ज्या पुड्यावर "ग्रोथ प्रमोटर", "इम्युनिटी बूस्टर", "वजन वाढवा" असं मोठ्यानं लिहिलंय आणि आत काय आहे ते लिहिलेलं नाही, तो परत ठेवा. अशा पुड्यांतूनच पूर्वी कोलिस्टिन सर्रास जायचं. माणसावर बाकी काही चालेनासं झालं की डॉक्टर जे शेवटचं काढतात, त्यांतलं ते एक. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या जनावरांकरता आणि कोंबड्यांकरता त्याची निर्मिती आणि विक्री बंद केली. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांवर २०२५ मध्ये तशीच बंदी आली. जुन्या लोकांच्या तोंडी असलेलं फ्युराझोलिडॉन या दुसऱ्या गटातलं. "जुना स्टॉक आहे, मस्त चालतो" म्हणून कोणी काढून दिला तर घेऊ नका आणि बिल मागा. बिल मागितलं की तो डबा आपोआप आत जातो. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५ आहे.

माणसांच्या मेडिकलमधून गोळ्या आणून पाण्यात कुटून टाकणारेही आहेत. त्यांना एवढंच सांगतो, तुम्ही कोंबडीला देता ते एन्रोफ्लॉक्सासिन तिच्या अंगात गेल्यावर त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो. हेच सिप्रो घरात कोणाला इन्फेक्शन झालं की डॉक्टर लिहितात. अमेरिकेनं कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिनची परवानगी २००५ मध्ये काढून घेतली. तुमच्या शेडमधला जंतू या औषधाला सरावला की भुशातून, खतातून, तुमच्या चपलांवरून तो घरात येतो.

इथं माझी एक चूक सांगतो. सीआरडीसाठी टियाम्युलिन चांगलं चालतं, म्हणून एका भावाला मी ते दिलं. खाद्य कोणतं वापरता, हे विचारलं नाही. त्याच्या खाद्यात रक्ती हगवणीसाठी सॅलिनोमायसिन घातलेलं होतं, जसं पुष्कळ खाद्यांत असतं. टियाम्युलिन आणि सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन यांचं एकमेकांशी जमत नाही. दोन्ही एकत्र पोटात गेली की पक्ष्याचे पाय जातात. रात्री नऊला फोन आला, "भाऊ, उभेच नाही होऊन राह्यले." मी गेलो तेव्हा पक्षी पाय मागे ताणून, छातीवर पडलेले होते. खाद्याच्या पोत्याला शिवलेलं लेबल त्यानं टॉर्चच्या उजेडात मला दाखवलं. बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. तेव्हापासून टियाम्युलिन मागणाऱ्याकडून मी आधी पोत्याच्या लेबलचा फोटो मागतो. तुम्हीही प्रत्येक नव्या पोत्याच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि डॉक्टरला पाठवा.

डोस पाण्याच्या हिशेबानं नाही, वजनाच्या हिशेबानं

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो, म्हणून आकडे घेऊन बघू. खालचा आकडा उदाहरणासाठी आहे, तुमच्या चिठ्ठीवर जो असेल तोच धरा.

समजा, हजार पक्षी आहेत. शेडच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून मिळून वीस पक्षी पकडा आणि तोला. सरासरी ८०० ग्रॅम निघाली. म्हणजे एकूण ८०० किलो. डॉक्टरनं लिहिलं, किलोला १० मिलिग्रॅम. ८०० गुणिले १०, म्हणजे ८,००० मिलिग्रॅम, म्हणजे ८ ग्रॅम औषध दिवसाला. बाटली १० टक्के, म्हणजे १०० मिलीत १० ग्रॅम. तेव्हा दिवसाला लागलं ८० मिली.

आता आपण एरवी काय करतो? बाटलीवर "दोन लिटरला एक मिली" लिहिलेलं असतं, तसं टाकीत ओततो. या वजनाचे हजार पक्षी साध्या हवेत दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी पितात. त्या हिशेबानं ९० मिली जातात, जवळजवळ बरोबर. पण मे महिन्यात, ४५ अंशांत, तेच पक्षी दुप्पट पाणी पितात. मग जातात १८० मिली, म्हणजे दुप्पटीहून जास्त डोस. आणि पक्षी आजारानं मलूल असतील, पाण्याकडेच जात नसतील, तर अर्धाही पोटात जात नाही, जंतू मरत नाही, नुसता शहाणा होतो. एकाच बाटलीवरचं एकच वाक्य नागपूरच्या मे महिन्यात एक सांगतं आणि डिसेंबरात दुसरंच.

म्हणून आदल्या दिवशी किती लिटर पाणी गेलं ते मोजा. टाकीच्या आत रंगानं शंभर-शंभर लिटरच्या खुणा करून ठेवा, एकदाचं काम आहे. दिवसाचं औषध वजनावरून काढा आणि किती तासांच्या पाण्यात द्यायचं ते डॉक्टरला विचारा. काही औषधं चार-सहा तासांत संपवलेली बरी, काही दिवसभर लागतात. औषधाचं पाणी रोज ताजं करायचं. त्या पाण्यात ब्लीचिंग नको. आपल्याकडची बोअरची पाणी बहुतेक जड, चहाच्या भांड्याला पांढरा थर चढवणारी. त्यातलं कॅल्शियम डॉक्सिसायक्लिन, सीटीसी (क्लोरटेट्रासायक्लिन), एन्रोफ्लॉक्सासिन यांना धरून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही. भांड्याला थर चढत असेल तर डॉक्टरला तसं सांगा, आणि औषध चालू असेपर्यंत कॅल्शियमचं टॉनिक बंद ठेवा. मी स्वतः अशा बाटल्यांवर कॅल्शियमची बाटली सोबत विकली आहे, एकाच बिलावर.

दुसऱ्या दिवशी मर्तुक कमी झाली म्हणून औषध बंद करायचं नाही, आणि पाच दिवस झाले तरी "राहू द्या अजून दोन दिवस" असंही नाही. चिठ्ठीवर जितके दिवस तितकेच. तीन दिवसांत काहीच फरक नाही तर दुसरी बाटली मागायला माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा. एकाच टाकीत दोन-तीन अँटिबायोटिकचं कॉकटेल तर मुळीच नको. एखाद्याला एखादं मारक ठरतं, नाही तर कशानं उतार पडला तेच कळत नाही.

उधारी

हे लिहिताना थोडा अवघडतो आहे, पण लिहितो. पुष्कळ ठिकाणी पिल्लं, खाद्य आणि औषध एकाच दुकानातून उधार येतं आणि बॅच विकली की हिशेब होतो. ज्याचे चाळीस हजार देणं आहेत, तो दुकानदार "हे पण घेऊन जा" म्हणाला तर तुम्ही नाही कसं म्हणणार? दुकानदाराचंही बघा. त्याचे पैसे तुमच्या शेडमध्ये उभे आहेत, मर्तुक वाढली की त्याचंही काळीज धडधडतं, आणि त्याला एकच उपाय माहीत असतो. त्यात कंपनीची स्कीम: दहा बाटल्यांवर एक फुकट. ती फुकटची बाटली कोणाला तरी खपवायचीच असते.

यावर मला सापडलेला एकच उपाय आहे. खाद्य उधार घ्या, औषध रोख घ्या. वेगळं बिल, वेगळ्या दुकानातून झालं तर उत्तम. रोख पैसे देताना माणूस डबा उलटून बघतो. बॅचच्या सुरुवातीला औषध-तपासणीसाठी म्हणून थोडे पैसे डब्यात वेगळे काढून ठेवा, त्यातून एसटीचं भाडं आणि लॅबचा खर्च निघतो.

माझ्यासारख्या दुकानदार भावांना एवढंच म्हणतो, शेड्यूल एच-चं औषध चिठ्ठीशिवाय न देणं हा कायदा आहे, आणि शेड्यूल एच-वन असेल तर रजिस्टरमध्ये डॉक्टरचं, घेणाऱ्याचं नाव आणि किती दिलं ते लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. गिऱ्हाईक तुटेल ही भीती मलाही होती. काही तुटले. पण ज्यांना मी "आधी पीएम करून या" म्हणून परत पाठवलं, त्यांतले बरेच लसीसाठी, ब्लीचिंगसाठी, फॉगरच्या नोझलसाठी माझ्याकडेच येतात. लसीवर मार्जिन कमी आहे, खरं आहे.

शेवटच्या डोसपासून गाडी येईपर्यंत

२०१२ मध्ये औषध नियमांत हा बदल झाला. जनावरांच्या औषधावर विथड्रॉवल पिरियड छापायचा, आणि तो तपासून ठरवलेला नसेल तर अंडी आणि दुधासाठी किमान ७ दिवस, मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे.

हा २८ चा आकडा ब्रॉयलरवाल्यानं नीट समजून घ्यावा. तुमची बॅच चाळीसाव्या दिवशी जाते. चाळीसातून अठ्ठावीस गेले, राहिले बारा. म्हणजे ज्या डब्यावर स्वतःचे दिवस छापलेले नाहीत, तो डबा बाराव्या दिवसानंतर तुमच्या शेडमध्ये येऊच शकत नाही. विसाव्या-पंचविसाव्या दिवशी दुखणं आलं, आणि दुखणं बहुधा तेव्हाच येतं, तर कमी दिवसांचं, लेबलवर स्पष्ट छापलेलं औषध डॉक्टरकडून मागून घ्या. अंड्यावरच्या कोंबड्यांना तर पुष्कळ औषधं चालतच नाहीत, हे चिठ्ठी लिहितानाच सांगा. सात दिवसांची अंडी घरीही खायची नाहीत, शेजारीही द्यायची नाहीत.

गावरानवाल्यांची अडचण निराळी. त्यांचे पक्षी एकदम जात नाहीत, आठवडी बाजाराला दहा-वीस करत जातात. आणि पक्षी मलूल दिसायला लागले की पहिला विचार येतो, मरायच्या आधी विकून टाका. म्हणजे औषध चालू, आणि विक्रीही चालू. यासाठी शेडचा एक कोपरा जाळीनं वेगळा करा. औषध दिलेल्या पक्ष्यांच्या पायात रंगीत प्लास्टिकची रिंग घाला. रिंगवाला पक्षी बाजारात जात नाही, एवढा एकच नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मोठ्या शेडात तुम्ही स्वतः विकता, छोट्या घरात तुम्ही शेतावर असता आणि कोंबडी आई विकते.

एक वही ठेवा. तारीख, पक्षी किती, मेले किती, पाणी किती लिटर, औषधाचं नाव आणि बॅच नंबर, किती मिली, कोणाच्या चिठ्ठीवर, आणि शेवटच्या रकान्यात "या तारखेआधी विक्री नाही". वाटल्यास तिथंच बिल आणि डब्याचं लेबल स्टेपल करा. पुढच्या बॅचला डॉक्टर हीच वही आधी मागतील.

उरलेलं औषध पुढच्या बॅचसाठी ठेवू नका. फोडलेली बाटली टिनाखाली एक उन्हाळा काढते आणि तिच्यात काय उरतं ते देव जाणे. नाल्यात, उकिरड्यावर ओतूही नका, तिथूनच जंतू शिकतात. तोलून-मापून तेवढंच न्याल तर उरणारही नाही. मी पाव लिटर फोडून देत नाही, पण १०० मिलीची बाटली असते, ती मागा.

आणि मग व्यापाऱ्याचा फोन येतो. "रेट चांगला आहे भाऊ, गाडी परवा नाही, आज रात्रीच पाठवतो." वहीत अजून तीन दिवस बाकी असतात. हे दर दुसऱ्या बॅचला होतं, म्हणून याची तयारी औषध सुरू करायच्या दिवशीच करायची. शेडच्या दारावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहा: "१४ तारखेआधी माल निघणार नाही." त्याचा फोटो त्याच दिवशी व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. तीन दिवसांचं खाद्य आधीच आणून ठेवा, कारण खाद्य संपलेलं असलं की माणूस कोणत्याही रेटला हो म्हणतो. व्यापारी कुरकुरेल. माझ्या ओळखीतल्या एकानं हे सुरू केलं तेव्हा त्याची एक गाडी हातची गेली. पुढच्या बॅचला त्याच व्यापाऱ्यानं फोन करून आधी विचारलं, "दारावर काय तारीख आहे?"